बख्शी का तालाबच्या नव्या मॅम

शाळेत नोकरी करणाऱ्या कुणालाही "काय विशेष?" म्हणून विचारू नका, अर्धा तास गेलाच म्हणून समजा! माझी तर नोकरी सहा महिन्यांची, पण साताऱ्याला आईला फोन लावला की ती आधी गॅस बंद करते आणि मग म्हणते, "हं, सांग."

मी लखनौला आले ती मावशीमुळे. काका एअरफोर्समध्ये, पोस्टिंग शहराबाहेरच्या बख्शी का तालाब या गावी. तिथल्याच एका शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली, पण सहा महिने प्रोबेशनवर. पक्की झाले तर ठीक, नाहीतर परत जाऊन आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं बाबांशी ठरलेलं. आणि मी अशी, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकते!

*

पहिला दिवस. दारात पाऊल टाकलं मात्र, बेचाळीस मुलं एकदम उभी राहिली. बाकं करकरली आणि "गुऽऽड मॉऽऽर्निंग मैऽऽम!" असा काही गजर झाला, की मी "सॉरी!" म्हणून बाहेर!

व्हरांड्यात घंटेखाली शिपाई रामखेलावनजी बसले होते. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मैडम, जाना अंदर ही है।"

*

त्या आठवड्यात रंगकाम चालू होतं, वर्गांच्या पाट्या काढलेल्या. मला आठवी 'अ' दिली होती. मी तीन दिवस मन लावून शिकवलं. चौथ्या दिवशी ऑफिसातून आठवी 'अ'च्या वह्यांचा जो गठ्ठा हातात आला, त्यातलं एकही नाव वर्गात कुणाचं निघेना. मी आठवी 'ब'मध्ये शिकवत होते!

"अरे, सांगायचं नाही का?" मी घाबरून मराठीतच ओरडले. मग हिंदीत विचारलं.

पहिल्या बाकावरची झैनब अदबीनं उठली. "मैम, आप इतने मन से पढ़ा रही थीं, टोकना अच्छा नहीं लगा।"

म्हटलं, ठीक आहे, मुलं आहेत. पण 'ब'चे खरे शिक्षक त्रिपाठी सर कुठे होते? स्टाफरूममध्ये. चहा पीत. पहिल्याच दिवशी दारातून डोकावून परत गेले होते म्हणे.

"हमने सोचा, आपका वहाँ मन लग गया है।"

आणि आठवी 'अ'? तीन दिवस बिनशिक्षकाची, पण चिडीचूप! असलं सुख आपण होऊन कोण घालवेल?

*

इथे विमानं अगदी डोक्यावरून जातात. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यावर लिहीत होते आणि आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. शुद्धीवर आले तेव्हा मी टेबलाखाली होते! वर्गात कुणी मानसुद्धा वर केली नव्हती. सगळे मुकाट्यानं फळ्यावरचं उतरवून घेत होते.

मी हळूच बाहेर यायला लागले, तर एक मुलगा वहीतून डोळे न काढता म्हणाला, "मैम, बैठी रहिए। अभी दूसरा आएगा।"

आला!

*

पालकसभेला एक आजोबा आले. शेतकरी माणूस, नातवाचा कान धरूनच आत शिरले. "बिटिया, आप इसे डाँटती नहीं हैं। एक बार हमारे सामने डाँटिए।"

मी घसा खाकरला. "आदित्य... प्लीज, जरा... होमवर्क..."

आजोबांनी कान सोडला आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवला. "रहने दीजिए, बिटिया। पानी पी लीजिए।"

*

सहावा महिना संपत आला आणि प्रिन्सिपल सर फाईल घेऊन आठवी 'अ'च्या शेवटच्या बाकावर येऊन बसले. आज ठरणार! सकाळी मावशीनं हातावर दही-साखर ठेवूनच पाठवलं होतं. हातात खडू दोनदा मोडला. आवाज तर इतका बारीक, की माझा मलाच ऐकू येईना.

पण वर्ग? टाचणी पडली तरी ऐकू येईल असा! विचारलं की उत्तर, नाहीतर शांतता. चाळीस मिनिटं.

सरांना संशय आला. याच वर्गानं आधीच्या दोन शिक्षकांना रडवलं होतं. तास संपल्यावर त्यांनी मॉनिटर कोमलला उभं केलं.

"मैम मारती हैं?"

"नहीं सर।"

"डाँटती हैं?"

"नहीं सर।"

"तो फिर तुम लोग शोर क्यों नहीं करते?"

कोमलनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाली, "सर, मैम डर जाती हैं न।"

सगळ्या वर्गाच्या माना गंभीरपणे हलल्या. सर फाईलमध्ये बराच वेळ काहीतरी लिहीत होते.

शनिवारी रामखेलावनजींनी पाकीट आणून दिलं. नोकरी पक्की! छापील पत्राच्या खाली निळ्या शाईत, सरांच्या अक्षरात एकच ओळ होती :

'क्लास कंट्रोल : एक्सलंट.'