माइक चालू होता

गेल्या शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला जे झालं, ते मी ऐकलं. माझ्या दोन्ही कानांनी. आठवलं की अजून हसू येतं.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागले. शिकाऊ म्हणून माझा हेडफोन टाचणीच्या लाइनला जोडलेला. टाचणी म्हणजे माझ्या शेजारची ताई. अंगाने सडपातळ, आणि पत्ता कसा पक्का टोचून ठेवायची! आधी रस्ता, मग खूण, मग मजला. फोन करणाऱ्याला सगळं परत म्हणून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की गाडी सोडायची. पंधरा वर्षांत तिची एक गाडी चुकली नव्हती.

मग एक चुकली. फोन करणाऱ्या सुनेने घाईत जुन्या घराचा पत्ता सांगितला. ताईने परत म्हणून दाखवला. सून हो म्हणाली. गाडी जुन्या घरी गेली, आणि नव्या घरात तिचे सासरे गेले. चौकशी झाली. ताईचा दोष नाही, असं कागदावर आलं.

कागदाने काही होत नाही. तिच्या डोक्यात पत्ते बोलू लागले. कांदा चिरताना, वेणी घालताना, जिना चढताना. दुसरा मजला, डावीकडचं दार. पाण्याच्या टाकीसमोर, निळं फाटक. पंधरा वर्षांचे पत्ते, सगळे एकदम. एकदा चालू फोनवर तिची वाचाच बसली. शेजारच्याने फोन ओढून घेतला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे घरी बसवलं.

मी रविवारी भेटायला जायचे. ती आणि तिची आत्या, दोघीच राहतात. आत्या निवृत्त नर्स. अजूनही कुणी कण्हलं की आधी नाडी बघते, मग नाव विचारते.

ताई लहानपणापासून चर्चला जाणारी. मी भीत भीत विचारलं, "प्रार्थनेने बरं वाटतं का?"

"कसलं गं! प्रार्थनेलाही बसले की ड्यूटीवर असल्यासारखं होतं. प्रभूला पत्ते देते. अमक्याला सांभाळ, तमक्याला सांभाळ. मग सगळे परत म्हणून दाखवते."

आत्या भांडी पुसत होती. तिथूनच म्हणाली, "त्याची गाडी चुकतेय होय कधी?"

मी फिसकन हसले. ताई हसली नाही. आत्याने फडका खांद्यावर टाकला आणि समोर येऊन बसली.

"ती नावेची गोष्ट आठव. वादळ, नावेत पाणी, शिष्यांची बोबडी वळलेली. आणि प्रभू कुठे होता?"

"झोपला होता."

"उशीवर! उशी घेऊन झोपला होता, बाई. त्यांनी उठवलं, तर चिडला नाही त्यांच्यावर? थोडा चिडला. पण आधी वाऱ्याला गप्प केलं. आपल्या बायबलच्या जुन्या भाषांतरात त्याने समुद्राला काय म्हटलंय?"

ताई पुटपुटली, "उगा राहा."

"म्हणजे काय? रडणाऱ्या तान्ह्याला आपण जे म्हणतो तेच. उगी. एवढ्या मोठ्या वादळाला उगी म्हणाला तो. तुझे पत्ते काय घेऊन बसलीस!"

मी साहित्याची पदवीधर. हा शब्द शंभरदा ऐकलेला. पण असा कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळी दहा मिनिटं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसू लागली. मागणं नाही, यादी नाही. पत्ता आला की म्हणायचं, प्रभू, तू आहेस ना इथे; आणि मग त्या पत्त्याला, उगी. पहिल्या दिवशी म्हणे दहा मिनिटांत दोनशे पत्ते आले. "रडकुंडीला आले मी," ती म्हणाली. चौथ्या आठवड्यात दोन पत्त्यांच्या मध्ये जरा मोकळी जागा सापडली. त्या जागेत ती एकटी नव्हती, असं तिने सांगितलं. सांगताना तिने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाकली. गोळ्या चालूच होत्या. आत्या नर्स होती, त्यामुळे त्यात सूट नव्हती.

शुक्रवारी ती परत आली. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, पण इथे खोळंबा झाला तर माणूस जातो, हे त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "आजचा एक दिवस. मी मागे बसतो. पुन्हा वाचा बसली, तर सोमवारपासून औषधांच्या स्टोअरमध्ये. राग मानू नकोस."

"नाही मानत, साहेब."

त्यांनी बदलीचा फॉर्म मांडीवर ठेवलाच होता. निम्मा भरलेला.

साडेअकरापर्यंत सगळं ठीक. मग सहाच्या सहा लाइनी एकदम पेटल्या. वळणावर बस उलटली होती. कुणी म्हणे शाळेजवळ, कुणी म्हणे पेट्रोल पंपापाशी. प्रत्येक फोनमागे बसचा हॉर्न अडकून एकसारखा कोकलत होता. साहेब उभे राहिले. "एकच अपघात आहे! चार गाड्या सोडा! तेच सांगणारे फोन आटोपते घ्या!"

आमच्या लाइनवर एक पुरुष होता. भरदार आवाज, आणि हमसून हमसून रडत होता. "वळणावर... रक्त... लवकर या हो..." पुढे शब्दच नाही.

साहेबांनी मागून खूण केली. तेच आहे, ठेव, पुढचा घे.

ताईचा हात बटणावर गेला आणि तिथेच थिजला. ओठ पांढरे. मला कळलं, पत्ते आले. साहेबांनाही कळलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ताईने डोळे मिटले. स्वतःशी बोलायचं तर आम्ही आधी माइक बंद करतो. तिने माइकचं बटण दाबलं, पण घाईत दोनदा. माइक चालूच राहिला. आणि ती म्हणाली, अगदी हळू, पाळण्याशी बोलावं तशी:

"उगी. उगी."

तो भरदार आवाजाचा माणूस गप्प झाला! एकदम!

त्या शांततेत मी ऐकलं. म्हणजे ताईने ऐकलं, मी फक्त तिचा चेहरा पाहिला. तिने डोळे उघडले.

"हॉर्न नाहीये," ती म्हणाली. मग माइकमध्ये, "दादा, तुमच्या मागे मशीन चालू आहे?"

"करवत. भावाचा हात... सॉ मिल..."

"आधी करवत बंद करा. जा. मी इथेच आहे." घर्रघर्र थांबली. "आता फडका घट्ट दाबून धरा. कुठलं वळण?"

"कालव्याचं."

"कालव्याचं वळण, सॉ मिल, तळमजला. बरोबर?"

"बरोबर, ताई."

कालवा गावाच्या दुसऱ्या टोकाला. बसकडे निघालेली चौथी गाडी तिने फिरवली. साहेबांकडे न बघता.

दुपारी दवाखान्यातून कळलं. भाऊ वाचला. दोन बोटं गेली.

साहेबांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. मग ताईला बोलावलं. मीही आगाऊपणे मागे जाऊन उभी राहिले.

"कॉलरला 'आपण' म्हणायचं असतं. हे 'उगी' नियमावलीत कुठे आहे?"

"नियमावलीत वादळही नाही, साहेब."

"म्हणजे?"

"मी त्यांना नव्हते म्हणत. मला म्हणत होते. प्रार्थना होती ती. माइक चालू राहिला, ती माझी चूक."

साहेब चष्मा पुसत बसले. "चुकीची नोंद करावी लागेल."

"करा."

"केली. सोमवारी सकाळची पाळी आहे तुझी. ह्याच खुर्चीवर." त्यांनी फॉर्म दुमडला आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.

जिन्यात मी तिला मिठीच मारली. मी ओरडत होते, ती मला गप्प करत होती.

"थांबले का गं पत्ते?"

"नाही. आताही एक चालू आहे. सॉ मिलचा."

"पण त्याचा भाऊ वाचला ना! म्हणून तर आता तुला शांत वाटतंय."

ती एक पायरी उतरून थांबली. "शांत तर आधीच वाटलं होतं. तो वाचेल की नाही, कुठे माहीत होतं तेव्हा? तो गेला असता तरी सोमवारी मी आले असते." मग जरा विचार करून म्हणाली, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'मुळे माझा तिच्यावर पुरता विश्वास बसला.