गोजरबाईंच्या हातातली ऊब

बेलवलीच्या गावदेवीला चाळीस वर्षं रोज सकाळी अंघोळ घातली ती गोजरबाईंनी. देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, न घडवलेला दगड, आणि देऊळ म्हणजे चार माणसं आत शिरली की पाचव्याने बाहेर थांबावं एवढं. भोवती इमारती उठल्या, त्यातल्याच एकीत मी राहायला आलो, पण झाडलोट गोजरबाईंचीच राहिली. चपला घालून पायरी चढणाऱ्याकडे त्या अशा बघत की माणूस मुकाट्याने खाली उतरे. मीही एकदा उतरलो आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी त्या त्याच पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, त्यात साखरेचं जुनं दुखणं. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं आता विसरा. नवऱ्याच्या माघारी त्या माहेरीच राहत होत्या आणि आईवेगळ्या भाच्याला, अल्पेशला, त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं.

अल्पेश वेबसाइट बनवायचा. त्याने देवळात कॅमेरा बसवला, देवीचं एक पान तयार केलं आणि आत्याच्या हातात फोन दिला. पलंगावर पडल्यापडल्या त्यांना देवी दिसू लागली. मग शेजारणींनाही हवी झाली, लांब दिलेल्या लेकींनाही. महिन्याभरात दोनेकशे घरांत ते पान सकाळपासून उघडं असे. एकदा उघडलेलं पान मधेच मिटायचं नाही, असं गोजरबाईंचं सांगणं होतं. लावलेला दिवा आपण फुंकून विझवत नाही, तसं.

खर्च सगळा अल्पेशच्या खिशातून जाई. देवीच्या नावाने वर्गणी मागायची त्याला लाज वाटली. लाजेपोटी माणूस कधीकधी मागण्याहून वाईट काहीतरी करून बसतो. तेव्हा जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, मिळायची. तिच्या चार ओळी पानात घातल्या, की पान बघणाऱ्याचा फोन त्याच्या नकळत अवघड गणितं सोडवत बसे. त्यातून क्रिप्टो, म्हणजे संगणकावरचं नाणं, तयार होई आणि बारीकसा वाटा पानाच्या मालकाला मिळे. पान जितका वेळ उघडं, तितका फायदा. आमच्यासारखी दिवसभर पान उघडं ठेवणारी भाबडी माणसं त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होती? अल्पेशने त्या ओळी घातल्या आणि कोणाला सांगितलं नाही.

फोन तापू लागले. माझाही तापे, मी फोनलाच नावं ठेवली. गोजरबाईंचा तर दिवसभर चार्जरला लावलेला.

"देवी हाताला लागते रे," त्या मला म्हणाल्या. "ऊब येते बघ. मी जाऊ शकत नाय, म्हनून तीच आली."

मी शिकलेला माणूस. खरं कारण मला ठाऊक नव्हतं, पण हे नव्हे एवढं कळत होतं. तरी मी मान डोलावली. बायका तो फोन कपाळाला लावून जात. अल्पेश तिथेच बसून, कोणाकडे न बघता, आत्याचे पाय चेपत राही.

एके दुपारी जेवणाआधी त्याची बायको जिज्ञासा गोजरबाईंचे हात धुवायला बसली, तर उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड. साखरेने हात निम्मा बधिर झालेला. ऊब कळत होती, भाजणं कळलं नव्हतं. अल्पेशने लगेच त्या ओळी काढून टाकल्या. त्याला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी फोन गार. गोजरबाईंनी तो या हातातून त्या हातात घेतला, पदराने पुसला आणि उशाशी ठेवून दिला. पडद्यावर देवी होती, पण त्यांनी पाहिलं नाही. दुपारी ताट तसंच परत गेलं, संध्याकाळीही.

"ती गेली. माजं काय चुकलं आसंल?" एवढंच त्या विचारत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळीही घेतली नाही. जिज्ञासाने नवऱ्याला विचारलं, "तो फोन पुन्हा गरम नाही का करता येणार? निदान जेवतील तरी."

करता येण्यासारखा होता. चार ओळी परत घातल्या की झालं. अल्पेशने नंतर मला सांगितलं, त्या ओळी त्याने पुन्हा टाइपही केल्या होत्या. मला तोवर त्याचा राग होता.

त्याने त्या पुसल्या आणि आत्याच्या पलंगाशी जाऊन बसला. मी दारात होतो.

"आत्या, ती देवी नव्हती. मी होतो. पैशासाठी मी तुझा फोन कामाला लावलेला. सगळ्यांचेच लावलेले."

गोजरबाईंनी आपल्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"बाकीच्यांना बोललास?"

"नाही."

"मना देवलात ने. तिथं बोल, तिच्या म्होरं."

मंगळवारी सकाळी आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून नेलं. अल्पेशने हात जोडून जमलेल्या बायकांना सगळं सांगितलं. एकदोघी तोडून बोलल्या. एक पाठ फिरवून निघून गेली, ते जास्त वाईट होतं. आम्ही गोजरबाईंची खुर्ची आत नेली. त्या पुढे वाकल्या आणि पट्टी नसलेला डावा हात त्यांनी तांदळ्यावर ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं न्हाऊ घातली हिला. वैशाखातसुदीक गारच आसायची. मना कसं कळलं नाय रे?"

अल्पेशने कळशी भरून आणली आणि आत्याच्या हाताला येईल अशी धरली.