आत्याचे निवटे

आमच्या कॉलेजचे इंग्रज प्राध्यापक खाडीतल्या माशांवर संशोधन करीत. मी खाडीकाठच्या कळव्याचा, म्हणून त्यांनी मला चिखलात उड्या मारणारे निवटे जिवंत आणायला सांगितले. रविवारी मी गुडघाभर चिखलात पडतधडपडत सात निवटे पकडले, पाण्याच्या मडक्यात सोडले आणि अंघोळीला गेलो. परत येतो तर आत्याने त्यांचे कालवण केलेले!

“अगं, ते कॉलेजचे होते!”

“मंग कॉलेजात मसाला कोन वाटनार व्हता?”

सोमवारी मी भीतभीत खरे सांगितले. साहेब खो खो हसले आणि पुढच्या रविवारी स्वतःच दारात हजर झाले. आत्याने त्यांना चिखलात नेऊन निवट्यांची बिळे दाखवली, मग जेवायला बसवले. तिखटाने नाकडोळे वाहत असतानाही साहेबांनी दोनदा कालवण मागून घेतले.