हंसाचा दोन भागांचा कीबोर्ड

डहाणूच्या कचेरीसमोर हंसा लोकांचे अर्ज टाइप करून देते. मनगटं सुजून बोटं चालेनाशी झाली, तेव्हा भावजय योगिताने तिला दोन भागांचा कीबोर्ड आणून दिला. आता हात खांद्यांसमोर सरळ ठेवता येऊ लागले. हळूहळू ठणका थांबला.

पण त्या ठणक्याखाली दबलेलं काहीतरी वर आलं. समुद्रावरून कधीच न परतलेला तिचा नवरा जीवन भरदुपारी मागून हाक मारू लागला, "हंसे, दोर धर!" तिच्या मुठी आपोआप वळत.

हंसाने हे सांगितलं तेव्हा योगिता घाबरली. "जुनाच कीबोर्ड लावू का?"

"नको गं," हंसा म्हणाली. "दुखत होतं तेव्हा जीवन ऐकूच येत नव्हता."

तिने मुठी सोडल्या आणि अर्जासाठी समोर बसलेल्या बाईला नाव विचारलं.