रुमालाखालचे सहा सेकंद

फसवलं सरांनी. फसलो मी, आणि त्याची झळ लागली माझ्या वडिलांना. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणी म्हणेल की तरुण पोरगा होता, गैरसमज झाला असेल. गैरसमज झाला नव्हता.

सर म्हणजे जळगावात व्हिडिओ शूटिंगचा वर्ग चालवणारे गृहस्थ. खाली साड्यांचं दुकान, वर दोन खोल्या, एक खांद्यावरचा कॅमेरा आणि वायरींनी जोडलेले दोन व्हीसीआर. लग्नाचं शूटिंग सगळेच शिकवायचे, पण हे म्हणायचे, "मी सिनेमा शिकवतो." मी तेव्हा धुळ्यात गणपतीत, बारशात, हळदीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने द्यायचो. स्वतःच्या कमाईचा संच होता. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मला चेव यायचा. सरांशीही मी तसाच बसलो. फी त्यांनी सांगितली ती दिली, पण तीन अटी कागदावर लिहून घेतल्या. माझी टेप माझ्याजवळ राहील. आठवड्यातून एक दिवस कॅमेरा माझ्या ताब्यात राहील. आणि मी केलेल्या फिल्मवर माझं नाव पूर्ण येईल, वडिलांच्या नावासकट.

सर हसून सही करत म्हणाले, "अरे, तू सिनेमा शिकायला आलास की बैल विकायला?"

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. पण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धुळ्याच्या बैलबाजारात दलाल होते. हे सरांना कुणी सांगितलं, याचा मी महिनाभर तपास करत होतो. कुणीच सांगितलं नव्हतं.

शिकवायचे मात्र चांगलं. खोटं कशाला बोलू? पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मेहरूणच्या तलावावर नेलं, कॅमेरा तिपाईवर लावला आणि म्हणाले, "अर्धा तास हात लावायचा नाही. नुसतं बघायचं." मला वाटलं, बॅटरी वाचवतायत. मग एक म्हैस पाण्यातून आली, चौकटीत शिरली, थांबली, निघून गेली. मी कॅमेरा तिच्यामागे फिरवला असता तर ती म्हैस तेवढी दिसली असती. ती गेल्यावर उरलेलं पाणी दिसलं नसतं. हे मला पटलं. बाजारातही असंच असतं, जो आधी हलतो तो भाव सोडतो. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी जोडकाम, म्हणजे एडिटिंग, शिकवलं. एका लग्नात रडणारी बाई होती आणि दुसऱ्याच लग्नातला घोड्यावरचा नवरदेव. दोन्ही एकमेकांना लावले, तर ती त्याच्यासाठीच रडतेय असं दिसायला लागलं. सगळा वर्ग वा वा करत होता. मी वहीत लिहिलं: दोन खऱ्यांच्या सांध्यात खोटं बसतं, लक्ष ठेवणे.

वही सांभाळली. लक्ष ठेवायचं तिथे मात्र ठेवलं नाही.

शेवटच्या महिन्यात प्रत्येकाने आठ-दहा मिनिटांची फिल्म करायची होती. मी बैलबाजार घेतला. आबांना विचारलं तेव्हा ते निंबाखाली बसून उपरण्याने तोंड पुसत होते.

"तोंड काढ, बैल काढ, धूळ काढ," ते म्हणाले. "रुमालमा मातर डोकं घालू नको."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं, कुठल्या पेराला, यावर रक्कम ठरते. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. म्हणून तर घेणारा तीच जोडी पुढे हव्या त्या भावाने विकायला मोकळा राहतो. आबांच्या रुमालाखालचं चाळीस वर्षांत बाहेर गेलं नव्हतं. धंदा त्यावरच उभा होता. बैल तर त्यांचा एकही नव्हता.

मी शब्द पाळत होतो. कॅमेरा ढेपेच्या पोत्यावर ठेवला होता, खाली, आबांच्या गुडघ्यांच्या उंचीला. समोर एक बेपारी होता, ढवळ्या जोडीचा सौदा चालला होता. तेवढ्यात वारा आला आणि रुमालाचा कोपरा उलटला. जेमतेम सहा सेकंद. आबांची जाड बोटं, बेपाऱ्याची अंगठी, आणि एक एक बोट दाबलं जाताना. मी हललो नाही. मेहरूणला शिकलो होतो ना.

वर्गात ते चित्र टीव्हीवर दिसलं. सर म्हणाले, "यासाठी लोक जन्मभर थांबतात."

मी म्हणालो, "हे पुसायचं आहे सर. वडिलांना शब्द दिलाय."

"पुसलंस तर टेप तिथे उडी मारेल, पुढचं-मागचंही बिघडेल. राहू दे. जोडताना घ्यायचं नाही, झालं."

हे अर्धं खरं होतं. थोडंसं बिघडलं असतं, इतकंच. पण मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. मग त्यांनी विचारलं, "पण ही बोटं म्हणजे नेमकं काय रे?" आणि मी, जो रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगत नाही, त्याच मी खिशातून रुमाल काढला, सरांचा हात धरला आणि त्यांना सगळी बोटं शिकवली. इतका मोठा माणूस आपल्याकडून काही शिकतोय, याचं मला बरं वाटत होतं.

टेप मी रोज पिशवीत घालून यष्टीने धुळ्याला परत न्यायचो. झोपताना ती उशाशी असायची. पण जोडकामाच्या दिवसांत दुपारी जेवायला खाली उतरायचो, तेव्हा ती वर मशीनमध्येच असायची. कागदावर मी 'टेप' लिहिलं होतं. 'नक्कल' लिहिलं नव्हतं.

फिल्मा दाखवायच्या होत्या धुळ्याच्या एका शाळेच्या सभागृहात, दिवसाढवळ्या, पडदे लावून. आबा धुतलेली टोपी घालून आले. बाजारातली बारा-पंधरा माणसं सोबत आणली, त्यात तो बेपारीही होता. माझी फिल्म लागली आणि पाचव्या मिनिटाला मला कळलं की ही मी जोडलेली नाही. रुमाल उलटला. सहा सेकंद झाले, चित्र थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. वर सरांचा भरदार आवाज: हे बोट म्हणजे इतके, हे पेर म्हणजे इतके. सौद्याचा आकडा त्यांनी साऱ्या सभागृहाला वाचून दाखवला.

ती जोडी त्या बेपाऱ्याने पुढे एका शेतकऱ्याला विकली होती, पोराची शपथ घेऊन, की मलाच एवढ्याला पडली. तो शेतकरी तिसऱ्या रांगेत होता.

"काय हो शेठ," तो उठून म्हणाला, "तुम्हले तर लई महाग पडेल व्हती ना?"

मागून कुणीतरी ओरडलं, "शपथ कोन्हा पोऱ्यानी लेयेल व्हती, शेजारीना का?" सभागृह हसून लोळलं. आणि त्या हसण्यात पाटी आली. मोठ्या अक्षरांत माझं नाव, मधे आबांचं नाव, मग आडनाव. अट होती तशीच, पूर्ण. बघणाऱ्याला वाटावं, बाप-लेकानेच रुमाल विकला.

मी बाहेर सरांना गाठलं. त्यांच्याजवळची तिपाई उचलून भिंतीवर आपटली, तिचा एक पाय मोडला. सर मागे सरले नाहीत.

"कागद काढ," ते म्हणाले. "टेप तुझ्याकडे आहे? कॅमेरा मिळाला? नाव पूर्ण आलं? मग मी काय बुडवलं तुझं? अरे, यामुळे तुझी फिल्म झाली. तू जोडलेली होती ती बैलांची जाहिरात होती."

सगळ्यात राग याचा येतो की फिल्म त्यांचीच चांगली होती. मी तेव्हाही ते पाहिलं होतं.

पुढच्या बाजारी मी आबांच्या मागे उभा होतो. एका ओळखीच्या बेपाऱ्यापुढे त्यांनी हात केला, रुमाल टाकला. त्याने हात दिला नाही.

"आते तोंडेच बोलूत ना आबा," तो म्हणाला. "रुमालमा काय ऱ्हायनं?"

तो वाईट बोलला नाही, हसूनच बोलला. आबांनी रुमाल झटकला, चौघडी केली आणि खांद्यावर टाकला. दोन-तीन बाजार ते निंबाखाली बसून आले. नंतर जायचे थांबले. ओट्यावर बसून दोऱ्या वळायचे, बैलांच्या, ज्या कुणी मागितल्या नव्हत्या.

मला त्यांनी एकदाच विचारलं. "तुन्हा सरले बोटं कोनी सांगं?"

"त्यांना आधीच माहीत होतं," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली आणि दोरी वळत राहिले. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. पटलं नसावं. ते माणसाच्या हातावरून आकडा ओळखायचे. मी तर समोर बसलो होतो.

आता आबा नाहीत. माझा वाटा मी लपवलेला नाही, वर लिहिला आहे. बोटं मी शिकवली, पुसायचं मी टाळलं, नाव पूर्ण पाहिजे म्हणून मीच अडून बसलो. पण मी शब्द दिलाय हे तुम्हाला माहीत होतं, सर. 'जोडताना घ्यायचं नाही' हे तुमच्या तोंडचं वाक्य आहे, माझ्या वहीत त्या दिवसाखाली लिहिलेलं आहे. तुम्ही अजून जळगावातच राहता, सभांमधून खरं दाखवण्याबद्दल बोलता, असं ऐकतो. धुळ्याला या. निंब अजून आहे. बाजार भरलेला असताना त्याखाली उभे राहा आणि तोंडाने सांगा, रुमाल न टाकता: ते सहा सेकंद त्या दलालाने विकले नव्हते, तुम्ही घेतले होते. आणि कुणाला विचारून घेतले, तेही सांगा.