शाळेचा वाटा

ती घटना आजही आठवते, असं आमच्या पोलीस खात्यातला माणूस लिहायला बसला की पहिल्या ओळीतच लिहितो. मला ती मुद्दाम आठवावी लागत नाही. घरात पापलेट आलं की ती आपोआप समोर येते. निवृत्तीनंतर मासे साफ करायचं काम माझ्याकडे आलंय, आणि कल्ला उचलून आत बोट फिरवल्याशिवाय मी माशाला सुरी लावत नाही. बायको म्हणते, "अहो, मासा आहे तो, आरोपी नाही. झडती पुरे आता." मुलं हसतात, मीही हसतो. पण बोट फिरवायचं काही सोडत नाही.

सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं. मी भाईंदरला फौजदार होतो. बायको आणि मुलं खेडला, कारण मला मिळालेल्या सरकारी खोलीत एक माणूससुद्धा नीट मावत नव्हता. तेव्हाचं भाईंदर म्हणजे स्टेशन, मिठागरं, नवघरची भातखाचरं आणि मधे थोडी वस्ती. दिवसा चौकीत भांडणं, चोऱ्या, हातभट्ट्या. संध्याकाळी हवालदार आपापल्या घरी जायचे आणि मी खोलीवर. फौजदाराला मित्र नसतात. मी चहाच्या हॉटेलात शिरलो की शेजारचं बाकडं रिकामं व्हायचं. चहा मात्र सगळ्यांच्या आधी यायचा.

अशात वरून आदेश आला. दारू, गांजा, चरस यांचे दुष्परिणाम शाळाशाळांत जाऊन मुलांना समजावून सांगावेत, आणि त्याचा खर्च स्थानिक सहकार्यातून भागवावा. म्हणजे काम आमचं, पैसे लोकांचे. मी हा आदेश हवालदाराला वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, आजवर लोकांकडून पोलिसांनी काही घेतलं, तर त्याला सहकार्य म्हणत नव्हते."

तरी आम्ही फिरलो. केबिन रोडला दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. व्यसनी माणसाचं मोठं चित्र कापडी पडद्यावर काढून द्यायचं त्यानं कबूल केलं. कापड एका व्यापाऱ्यानं दिलं. नवघरच्या शेतकऱ्यांनी बैलगाडी दिली, शाळांनी वर्ग दिले. पडदा तयार झाला तेव्हा मी दोन पावलं मागं सरून तो पुन्हा पाहिला. खोल गेलेले डोळे, दाढीचे खुंट, गळ्याची घाटी वर आलेली. पेंटरला विचारलं, "हा कोण?"

तो म्हणाला, "साब, मॉडेल पाहिजे होतं ना. तुम्ही रोज समोरून जाता, तर तुम्हालाच बघून काढला."

पहिल्याच शाळेत पडदा उलगडल्यावर एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "बाई, हे तर साहेबच." त्या दिवशी व्यसनमुक्तीचं काम फारसं पुढं सरकलं नाही.

समुद्राकाठच्या उत्तनकडच्या गावांत जायचं म्हणजे टांग्याचं भाडं, आणि पोरं शेवटपर्यंत बसावीत म्हणून बिस्किटं. तो खर्च कुणी उचलावा, हे ठरवायला तारोडीच्या शाळेत बैठक झाली. मास्तर होते, चर्चचे फादर होते, आणि काही होडीवाले. मी भाषण केलं. मग मागून एक म्हातारा उठला. एका होडीचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. पण डोळे अधू झाल्यामुळे आता त्याचा धाकटा मुलगा होडी न्यायचा. म्हातारा मला साहेब म्हणायचा आणि त्याच दमात तू म्हणायचा.

"साहेब, तू पैसं नको मागू. पैसं आमच्याकडं न्हाय. मासं हाय."

त्या किनाऱ्यावर मासळी आली की तिचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक खलाशाचा वाटा. म्हाताऱ्यानं सुचवलं की शाळेत कार्यक्रम असेल त्या शनिवारी ज्या होडीची पाळी असेल, तिनं एक टोपली जास्तीची काढायची. तिचं नाव शाळेचा वाटा. ती वाळूवरच लिलावात जाईल, आणि येईल त्यात टांगा आणि बिस्किटं. सगळे लगेच कबूल झाले. मास्तर नंतर माझ्या कानात म्हणाले, "याचा थोरला विषारी दारूनं गेला. म्हणून."

पुढं तो माझ्याबरोबर शाळाशाळांत यायला लागला. मी पडदा धरायचा आणि त्यानं बोलायचं. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "साहेब, तुजा पडदा चांगला हाय, पन पोरं त्याला बघून हसतात. मी सांगतो." आणि त्यानं थोरल्याचं सांगितलं. कसा तो चांगला पोहायचा, कशी त्याला संगत लागली, आणि शेवटच्या दिवशी आईला म्हणाला की मला दिसत न्हाय, दिवा लाव. तेव्हा भर दुपार होती. वर्गात एक पोर हललं नाही. पडद्यामागं मी उभा होतो, ते एका अर्थी बरंच होतं.

कार्यक्रम संपला की त्याची बायको लिलावातून राहिलेले दोन-चार मासे माझ्या पिशवीत टाकायची. "एकला रांधतोस, एकला खातोस. तुजी बायको कशी राह्यते रं तुज्याबिगर?" मी म्हणायचो, "आनंदात राहते." ती म्हणायची, "मंग तुज्यातच खोट हाय." त्या सगळ्या मुलखात माझी अशी चेष्टा करणारं तेवढंच एक घर होतं.

याच सुमारास खबर आली. स्टेशनाजवळ चहाची गाडी लावणारा एक जण आमचा खबऱ्या होता. कप विसळता विसळता म्हणाला, "साहेब, कॉलेजची पोरं हल्ली चहा पीत नाहीत, चरस ओढतात. माल दर्यातून येतोय. लांब एक गलबत उभं राहतं, इथली होडी जाऊन घेऊन येते."

"कुणाची होडी?"

"ते कळलं असतं तर मी चहा कशाला विकला असता?"

मी स्टेशन डायरीत नोंद केली, किनाऱ्यावर साध्या वेशात माणसं ठेवली. साध्या वेशातला पोलीस कोळीवाड्यात किती साधा दिसतो, ते सांगायला नको. पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं आमच्या शिपायाला विचारलं, "पोलीस पाटलाकडं आलास का रं?" पाळतीतून काही निघालं नाही.

मग एक शनिवार. त्या दिवशी वाट्याची पाळी माझ्या तांडेलाच्याच होडीची होती. टोपली भरून पापलेट आलं, लिलाव चांगला झाला, आणि दोन पापलेटं नेहमीसारखी माझ्या पिशवीत आली. दिवेलागणीला खोलीवर पोचलो, खाऱ्या हवेनं दमट झालेला पडदा वाळायला खुंटीला टांगला आणि मासे साफ करायला बसलो. मी कोकणातला. पुस्तकी परीक्षांत कसाबसा पास झालो असेन, पण मासा कळतो. पहिल्याचा कल्ला उचलला, तर आत लाकडाचा भुसा. दुसऱ्याच्याही.

भुसा बर्फाच्या लाद्यांवर टाकतात, वितळू नयेत म्हणून. तारोडीच्या लहान होड्या तेव्हा सकाळी जाऊन दुपारी परत यायच्या, त्यांना बर्फ लागतच नसे. म्हणजे हे पापलेट बाजारातलं होतं. दर्यावर गेलेली होडी बाजारातला मासा घेऊन का परत येते? ती मासे धरायला गेलेलीच नसते म्हणून.

मी सुरी खाली ठेवली. समोर खुंटीवर माझाच चेहरा लटकत होता. बोलायला तेवढाच होता, म्हणून त्यालाच म्हणालो, "काय करू या आता?" तो व्यसनी असल्यामुळे काही बोलला नाही. मासे मी खाल्ले नाहीत. टाकूनही देववले नाहीत. रात्रभर ते झाकून ठेवले आणि सकाळी वास सुटला.

हवालदाराला स्टेशनाजवळच्या मासळी बाजारात पाठवलं. एका विक्रेत्याला पटकन आठवलं. कोळ्याचा माणूस मासे विकत घेतो, हे त्याला नवलच वाटलं होतं. माणूस तांडेलाच्या होडीवरचा खलाशी निघाला. खलाशाला आणलं, तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "मला टोपली भरून ठेव म्हंटलेलं. मी ठेवली."

मग धाकट्याला बोलावलं. तिशीच्या आतला, अंगानं मजबूत, बापासारखाच हसरा. चौकीत येऊन बसला तो निवांत. चौकशीत मी आवाज चढवत नाही. आवाज चढवला की समोरचा सावध होतो, आणि माझा घसा बसतो तो वेगळाच.

"शनिवारी जाळी कुठं टाकलीस?"

त्यानं जागा सांगितली, वारा सांगितला, भरती-ओहोटी सांगितली. सगळं बरोबर.

"पापलेट चांगलं होतं."

"हां साहेब. देवाची कृपा."

"बर्फ कुठून घेतलास?"

"बर्फ? आमी बर्फ न्हाय नेत."

"मग कल्ल्यात भुसा कुठून आला?"

बाहेर हवालदार फाईल बांधत होता, त्याचा हात थांबला. धाकटा म्हणाला, "बाबाला सांगू नका."

त्या एका वाक्यात सगळा जबाब होता. बाकीचा आम्ही नंतर लिहून घेतला. पंचांसमक्ष त्यानं जाळ्यांच्या खोपटातून डांबराचे डबे काढून दिले. वर डांबर, खाली मेणकापडात बांधलेला चरस. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला, होडीही जप्तीत गेली. तो लांब उभा राहणारा गलबतवाला काही सापडला नाही. असले कधी सापडत नाहीत.

मला एकच कळत नव्हतं. मी त्याला विचारलं, "दर्यात कधी मासळी मिळते, कधी नाही. त्या दिवशी काही मिळालं नाही म्हणाला असतास, तर कुणाला संशय आला नसता. पदरचे पैसे घालून टोपली कशाला आणलीस?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू चूक माझीच होती. "थोरल्याच्या नावाचा वाटा हाय तो. चुकला असता तर बाबा जेवला नसता."

दुसऱ्या दिवशी तांडेल आला. फादर बरोबर यायला निघाले होते, त्यांना यानंच घरी पाठवलं होतं. डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी खुर्ची दिली, बसला नाही.

"सोडा म्हणाया न्हाय आलो," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला तू म्हटलं नाही. "एक विचारतो. त्यो वाटा खोटा होता?"

"हो."

"त्याची बिस्किटं पोरांनी खाल्ली."

"खाल्ली."

"मी समोर उभा राहून बोलत होतो आनि पोरं ती खात होती." तो टोपीची कड चाचपत राहिला. "ती आता परत कशी घ्यायची, साहेब?"

मी खुर्ची पुन्हा त्याच्यापुढं सरकवली. तो मुलाला न भेटताच गेला.

मुलाला शिक्षा झाली. होडी चौकीमागं उन्हात पडून राहिली. तिच्या फळ्या आकसून फटी पडायला लागल्या, आणि येताजाता त्या माझ्याच नजरेला पडायच्या. वरिष्ठांनी शाबासकी दिली. तारोडीत मात्र मी दिसलो की बायका दारं लोटून घ्यायच्या. होड्यांनी वाटा काढणं बंद केलं. कुणी भांडलं नाही, कुणी निषेध केला नाही. शनिवारी टोपली आली नाही, एवढंच. आपल्या गावच्या पोराला पकडायचा खर्चही आपणच का उचलायचा, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

मी तरीही गेलो. टांग्याचं भाडं खिशातून दिलं, पडदा काखेत मारला. बिस्किटं नव्हती. शाळेच्या पायरीवर पानानं झाकलेली एक लहानशी टोपली होती. पान उचललं तर आत कालवं. खडकावरची, ओहोटीला वाकून कोयत्यानं काढावी लागतात ती. म्हाताऱ्या हातांचं काम नाही ते.

मास्तर म्हणाले, "तांडेलाच्या घरून आलीत. होडी नाही म्हणून कालवं, असं सांगितलंय. शाळेचा वाटा."

"तो कुठाय?"

"नाही येणार म्हणाला."

लिलाव करायला मास्तर आणि बोली लावायला मी. त्या दिवशी पोरांना बिस्किटं मिळाली. मी एकटाच बोललो, आणि पोरं पडद्याकडं बघून हसलीसुद्धा नाहीत. त्यानंतर त्या भागात जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा पायरीवर कालवं होती. माणूस कधी दिसला नाही.

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. म्हातारा ओट्यावर जाळं विणत बसला होता. होडी नव्हती, तरी जाळं विणत होता. बायको आतून आली, पाण्याचा तांब्या ठेवून परत आत गेली. तिनं चेष्टा केली नाही, ते मला फार लागलं.

"बदली झाली म्हणतात," तो म्हणाला.

"हो."

"तिकडं पन शाळा असतील."

"असतीलच."

"पडदा नेशील?"

"नेईन."

तो पुन्हा तू म्हणत होता, हे माझ्या थोड्या उशिरा लक्षात आलं. त्यानं जाळ्याची एक गाठ मारली, ओढून पाहिली. "मंग थोरल्याचं सांग. धाकट्याचं पन सांग. भुशाचं सांग. आमचं नाव नको सांगू."

नोकरीत पुढं बरीच वर्षं मी शाळांत बोललो. कुठं खर्च नगरपालिकेनं उचलला, कुठं एखाद्या मंडळानं, कुठं माझ्या खिशानं. आदेशात स्थानिक सहकार्य असा शब्द होता, आणि मी तो हिशेबाच्या अर्थानं घेतला होता. टांगा, कापड, बिस्किटं, एवढंच मला दिसलं. पोरांनी शहाणं व्हावं म्हणून कुणीतरी आपल्या घरातलं मरण दर शनिवारी त्यांच्यापुढं उघडून ठेवत होता, हा खर्च कुठल्याच आदेशात नव्हता. तो वाटून घ्यायची सोयही नव्हती. तो सगळा एका घरावर पडला, आणि त्यातला शेवटचा भाग मीच वसूल केला. कायद्यानं ते बरोबर होतं. आजही तसंच करेन. पण त्या संध्याकाळच्या खोलीत पुन्हा बसायची माझी तयारी नाही.

पडदा अजून घरी आहे. रंग उडालाय, आणि वयानं मी आता त्याच्यासारखा दिसायला लागलोय. बायको तो फेकून द्या म्हणते. मी देत नाही. कुणी शाळेत बोलावलं तर घेऊन जातो, थोरल्याचं सांगतो, धाकट्याचं सांगतो, भुशाचं सांगतो. नाव सांगत नाही. एवढा वाटा माझ्याकडे आहे.