तिच्या मापाच्या पायऱ्या

आठ वर्षं माझ्याबरोबर डोंगर चढल्यावर माझ्या मैत्रिणीने यायचं बंद केलं, तेव्हा आधी तिने गुडघा सांगितला. मग घरी पाहुणे आले. मग ऑफिसची डेडलाइन. अशी दोन वर्षं गेली. ब्रिस्टलमध्ये आम्ही एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, विमानांच्या पंखांची गणितं करतो. दुपारी डबे एकत्र उघडतो, तिच्या मुलाच्या शाळेतली सगळी भानगड मला तोंडपाठ असते. फक्त डोंगर म्हटलं की बाई विषय बदलायची. घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते मला कळेना. माझी जीभ तिखट आहे, हे मान्य. तिच्या सावजी रश्शाला मी एकदा ‘नागपूरचा सूड’ म्हटलं होतं. पण त्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हा तीही हसली होती.

या जानेवारीत मी पुन्हा विचारून पाहिलं. वेल्समधल्या स्नोडन शिखराची उत्तरेकडची घळ, कडक बर्फ, स्वच्छ आकाशाचा अंदाज. ती हो म्हणाली, पण ‘या एका वेळी’ असं म्हणाली. ते मला लागलं. म्हणजे हा दिवस चांगला गेला तर ती पुन्हा येणार, नाहीतर आमचे दोघींचे डोंगर संपले. मी दोघींपुरती मेथीची धपाटी केली, फ्लास्क तिच्याकडे दिला आणि दिवसभर तोंड सांभाळायचं ठरवलं.

घळ म्हणजे काळ्या कातळाच्या दोन भिंती आणि त्यांच्यामधून वर गेलेला बर्फाचा उभा पट्टा. बुटांना दातेरी क्रॅम्पॉन, हातात बर्फाची कुऱ्हाड. पुढच्याने बुटाचं टोक आपटून पायरी पाडायची, मागच्याने त्याच पायऱ्यांवरून यायचं. पुढे अर्थातच मी. मी पुण्याची, कॉलेजपासून सह्याद्रीत हिंडलेली, पाच फूट नऊ इंच, सगळी उंची पायांतच गेलेली. बर्फ थंडीने छान आवळला होता. तिला त्रास नको म्हणून मी प्रत्येक पायरी चांगली खोल पाडत होते आणि स्वतःवर खूश होते.

अर्ध्यावर घळ अरुंद झाली. माझ्या बुटाखालून निसटलेले बर्फाचे तुकडे खाली तिच्या हेल्मेटवर वाजले, म्हणून मी कुऱ्हाड घट्ट रोवली आणि खाली पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्या दर दोन पायऱ्यांच्या मधे आणखी एक पायरी होती. खालपर्यंत, जिथवर नजर जात होती तिथवर. माझी मैत्रीण पाच फुटांचीही नाही. माझी एक टांग म्हणजे तिच्या दोन. ती बूट आपटायची, मधली पायरी पाडायची, तिच्यावर उभं राहून दम घ्यायची आणि मग माझी पायरी गाठायची. पुढे मी असून निम्मं काम तीच करत होती, आणि तेही गुपचूप.

ती जवळ आल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पाय जरा लांब टाक. मी अगदी तेच म्हटलं असतं, आणि वर कसा टाकायचा तेही करून दाखवलं असतं.

मी दोघी मावतील एवढी जागा खणली आणि तिला पुढे जायला सांगितलं. ती बिचकली. अशा जागी ती कधीच पुढे गेली नव्हती, कारण मी कधी जाऊच दिलं नव्हतं. पण गेली. तिच्या पायऱ्या जवळजवळ होत्या, आमच्या पुण्याच्या शाळेच्या जिन्यासारख्या. पहिली दहा मिनिटं माझा जीव नुसता वर आला, इतकं हळू. ‘अगं चल ना’ कितीदा ओठांवर आलं आणि गिळलं. मग माझा श्वास आपोआप लयीत आला. गुडघे कुरकुरायचे थांबले. खाली तळं गोठलेलं दिसत होतं, ते मी कधी नव्हे ते बघितलं.

शेवटच्या टप्प्यात माझ्या क्रॅम्पॉनचा पट्टा सैल झाला. तो आवळायला मी थांबले, ती पुढे गेली. मी माथ्यावर पोचले तेव्हा ती हिवाळ्यात बंद असलेल्या कॅफेच्या भिंतीला टेकून बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, चल, उजेड आहे तोवर उतरू.

“बस ना जरा,” ती म्हणाली. “कुठे पळून राहिली?”

मी बसले. तिने चहा ओतला आणि कपात बघतच बोलली.

“तू माझ्यासाठी थांबायचीस गं, नाही म्हणत नाही. पण मी पोचले की लगेच उठायचीस. तुझी विश्रांती झालेली असायची. माझी कधी झालीच नाही. आठ वर्षं.”

गुडघा नव्हता, पाहुणे नव्हते, रस्साही नव्हता. आणि मी मात्र, मी हिच्यासाठी किती थांबते, म्हणून लोकांना कौतुकाने सांगत फिरत होते. मला फार लाज वाटली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि वाऱ्यावर ढकलायला वाराही नव्हता.

पुन्हा येशील का, मी विचारलं.

“चहा तर संपू दे,” ती म्हणाली.

तिने दुसरा कप भरला. धपाटं खाल्लं, अगदी सावकाश, कडेकडेने तोडत. माझी बोटं गारठली, पाय आखडले, पश्चिमेकडे ढग जमायला लागले. मी घड्याळ पाहिलं नाही. ती उठली तेव्हाच मी उठले.

उतरतानाही ती पुढे होती. मळलेली वाट लागली तिथे ती थांबली, माझ्याकडे वळली आणि मी तिच्या शेजारी येऊन माझा श्वास शांत होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, फेब्रुवारीत बर्फ टिकतो का गं इथे?